संग्राम ब्रागाला निघालाय म्हणून

बस जरा. बॅग नंतर भर.
चटणीचा डबा मी दुहेरी पिशवीत बांधलाय,
तो सांडायचा न्हाई. तू सांडशील.
म्हणून सांगतो.

दोन वर्षं वरच्या मजल्यावर राहिली ती नवराबायको,
आर्मिंदो आणि ओदेत.
तो शिरोलीला फौंड्रीत भट्टी बसवायला आलेला,
ती त्याच्यासंगं.
रुईकर कॉलनीत एवढी घरं, त्यात आमचंच सापडलं त्यांना,
आणि मी एकूण एक चूक करून ठेवलीय,
तुझ्या वाटणीची शिल्लक न्हाई ठेवली.

पहिल्याच दिवशी कपिलतीर्थ मंडईतनं हार आणला,
पिवळ्याधमक शेवंतीचा, हातभर लांब.
गळ्यात घातला तसा तिचा चेहरा
दिवा मालवल्यासारखा झाला.
हसली, पण नुसती गालानं.
वर जाताना हार काढून जिन्याच्या कठड्याला अडकवला,
हळूच, झोपलेलं पोर ठेवावं तसा.
मला वाटलं, शिंका येत असतील.

आर्मिंदो पुढं आला गालाला गाल लावायला,
मी मागं सरकलो ते थेट तुळशीच्या कट्ट्यावर.
त्यांचा तो रामराम असतोय बाबा.
मागं सरकू नकोस.
तिथं तुळस न्हाई आधाराला.

मामांनी मॅच बघून बघून ‘ग्रासियास’ शिकवलेलं,
ते मी जिन्यातच म्हणून दाखवलं.
आर्मिंदो म्हणाला, हे शेजाऱ्यांचं.
तुला कुणी सांगलीकर म्हटल्यावर तुझं तोंड होतं न्हवं,
तसं झालं त्याचं.

आणि उठलं की वर, वाटी घेऊन.
फोन न्हाई, हाक न्हाई, चप्पल तेवढी खाली.
पांढरा रस्सा, खरवस, कधी रिकामीच वाटी, परत न्यायला.
दार उघडायला तिला वेळ लागायचा,
केस विंचरून, ओठ रंगवून उघडायची,
आणि मी विचारायचो, झोपली होतीस व्हय?
नवऱ्याचा पगार विचारला.
पोरबाळ का न्हाई तेही विचारलं,
जिरं निवडता निवडता.
तिनं उत्तर दिलं. इतकं सभ्य,
की दोन महिन्यांनी मला कळलं
ते उत्तर नव्हतंच.

मग ‘ओब्रिगादु’ शिकलो. दिवसभर म्हणायचो,
दूधवाल्याला पण.
एकदा पायरीवर बसून ओदेत म्हणाली,
ओब्रिगादु पुरुषानं म्हणायचं. बाईनं ओब्रिगादा.
मी म्हटलं, आमच्यात बाई पण ‘मी येतो’ म्हणती, ‘मी जातो’ म्हणती,
काय वाकडं झालंय?
ती म्हणाली, म्हाईत हाय.
कंपनीच्या जेवणात मी ‘येतो’ म्हटलं,
पुण्याची बाई हसली.
माझ्याकडनंच शिकलेली ती.
त्या दिवशी आमचा चहा दोनदा उतू गेला.

दुसऱ्या वर्षी, नोव्हेंबरच्या एक तारखेला,
ती सकाळी खाली आली.
आधी हाक मारून.
म्हणाली, ते पिवळं फूल कुठं मिळतं?
तिची आई ऑगस्टात गेलेली. जाणं झालं न्हवतं.
या दिवशी तिकडं कबरी धुतात,
आणि त्यांच्यावर हेच फूल ठेवतात.
हेच. म्हणून जित्या माणसाला देत न्हाईत.

मी हातातली खुरपी खाली ठेवली.

दोन किलो आणली. सुटी.
फुलवाला म्हणाला, हार करून देऊ? नको म्हटलं.
गच्चीवर टाकीजवळची एक फरशी तिनं घासली,
गुडघ्यावर बसून, कोपरे सुद्धा.
मी पाणी ओतत ऱ्हायलो.
तोंडातनं शब्द काढला न्हाई.
तेवढं एक बरोबर जमलं असंल.

आता ती विसेउला असते. तुझा नंबर दिलाय.
बसनं जाता येतं म्हणे.
फुलं न्यायची तर गुलाब ने, न्हाईतर नुसता हा डबा.
जायच्या आधी फोन कर.
ओब्रिगादु म्हण, तू बाप्या हायस.

आणि तुला सोडायला खालपर्यंत आली,
वळताना ‘मी येतो’ म्हणाली,
तर हसू नकोस.